शालनचं काविळीचं पाणी

आठवड्यातून बुधवार आणि रविवार काढून टाकता आले असते, तर शालनने केव्हाच काढून टाकले असते. बाकीचे पाच दिवस तरी काय मोठे सुखाचे होते म्हणा! पहाटे पाचला उठा, भाकऱ्या थापा, नवरा महिपती अंबरनाथ एमआयडीसीत कामाला, त्याच्या पाळीप्रमाणे डबा भरा, सासूबाईंना चहा द्या, आणि मग चामटोलीच्या नाक्यावर भरलेल्या रिक्षात अर्धी आत अर्धी बाहेर बसून बदलापूर गाठा. तिथे स्टेशनजवळच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ती मावशी होती. फरशी पुसायची, नळ्यांचे ट्रे मशीनच्या खोलीत न्यायचे, सुई बघून भोवळ येणाऱ्या पैलवानांना धरून बसवायचं. वय अठ्ठेचाळीस, पण गुडघ्यांना विचाराल तर ते साठ सांगतील.

पण बुधवारी आणि रविवारी याच्यावर आणखी एक काम असायचं. सूर्य उगवायच्या आत दारात माणसं येऊन बसलेली असत. सगळी काविळीची. त्यांना पाणी द्यायचं.

हे पाणी पिण्याचं नव्हे बरं का. आंब्याच्या सालीचं वाटण आजाऱ्याच्या हातांना कोपरापर्यंत चोळायचं, हात परातीवर धरायला सांगायचे आणि वरून चुन्याची निवळी ओतत ते धुवायचे. परातीत पिवळंजर्द पाणी उतरायचं. ते बघितलं की माणसाच्या तोंडावर लगेच टवटवी यायची. अंगातली कावीळ निघाली, डोळ्यांदेखत निघाली, आणखी काय पाहिजे? अशी तीन पाणी. तिसऱ्या वेळी पाणी जवळजवळ पांढरं उतरायचं, म्हणजे माणूस मोकळा. शालनच्या सासूबाई राजाबाई, त्यांच्या सासूने हे सुरू केलं, मग राजाबाईंनी चालवलं, आणि वांगणीपासून उल्हासनगरपर्यंत कुणाचे डोळे पिवळे झाले की लोक चामटोलीचा रस्ता विचारत. उल्हासनगरच्या कॅम्पातले सिंधी दुकानदार गाडी घेऊन येत आणि शहाण्या मुलासारखे ओट्यावर मांडी घालून हात पुढे करत.

पाच वर्षांपूर्वी राजाबाईंचे हात थरथरायला लागले. एका रविवारी त्यांनी तांब्या शालनच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता तू." झालं. तुला जमेल का, तुला झेपेल का, असं कुणी विचारलं नाही. सुनेला विचारायची पद्धत कुठल्या घरात असते? राजाबाईंनी तिला माप शिकवलं. वाटण पहिल्या पाण्याला मूठभर, दुसऱ्याला अर्धी मूठ, तिसऱ्याला चिमूट. आणि एक नियम शिकवला. तीन पाणी पुरी होईपर्यंत आजाऱ्याने गोळी घ्यायची नाही, सुई तर मुळीच नाही. मध्येच सुई टोचली की कावीळ उलटते आणि माणूस हातचा जातो.

शालनने सगळं ऐकलं आणि तसंच केलं. विचार करायला वेळ लागतो, आणि तिच्याजवळ तो नव्हता.

विचार करायची पाळी आली ती लॅबमधल्या किर्तीमुळे. किर्ती म्हणजे तिथली टेक्निशियन, सव्वीस वर्षांची, तोंडाने फटकळ आणि मनाने चांगली. एका दुपारी मशीनमधून काढलेल्या नळ्या शालन ट्रेमध्ये लावत होती. एका नळीत वरचं पाणी गर्द पिवळं दिसत होतं.

"ही काविळीची ना?" शालन नळीवरचं नाव वाचून म्हणाली. "आमच्याकडे रविवारी आलेला हा माणूस. तिसरं पाणी झालंय त्याचं."

"मावशी, तुमच्या पाण्याने काही होत नाही हो," किर्ती सरळ म्हणाली. "आणि कावीळ हा मुळात रोगच नाही."

"डोळे पिवळे होतात ते काय मग? हौस म्हणून?"

"ती खूण आहे. तुमच्या छपरातून धूर निघाला तर लोक काय करतील? धुरावर पाणी मारतील, का आत जाऊन बघतील काय पेटलंय ते? रक्तात पिवळं साठलं एवढंच डोळे सांगतात. कशाने साठलं, ते शोधायला लागतं. कुणाच्या पोटात घाण पाण्यातनं विषाणू गेलेला असतो, कुणी दारूने लिव्हर जाळलेलं असतं, कुणाचा पित्ताचा खडा अडकलेला असतो. पुराच्या पाण्यात उंदराचं मूत मिसळतं, ते पायाच्या जखमेतून आत शिरतं, त्याने पण होते. सगळ्यांचे डोळे सारखेच पिवळे. पण आतलं दुखणं वेगळं, औषध वेगळं."

"मग आमच्याकडची माणसं बरी कशी होतात?"

"घाण पाण्याची असते ना, ती बहुतेक महिन्याभरात आपली आपण जाते. तुम्ही पाणी दिलं तरी जाते, नाही दिलं तरी जाते."

शालनला राग आला. दुपारभर तिने किर्तीशी तोंडातून शब्द काढला नाही, फरशी मात्र अशी घासली की विचारू नका. पण डोक्यात किडा गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी महिपती कामावर आणि सासूबाई शेजारी गेलेल्या असताना तिने मोरीत परात ठेवली, मूठभर वाटण स्वतःच्या हातांना चोळलं आणि निवळी ओतली.

पाणी पिवळंजर्द उतरलं. मग तिने अर्धी मूठ घेऊन बघितलं. मग चिमूट. तिसऱ्या वेळी पांढरं.

शालन मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिली. पाच वर्षांत तिने किती हात धुतले असतील, कुणाकुणाचे धुतले असतील, हे आठवायचा प्रयत्न तिने केला आणि सोडून दिला. रडू आलं नाही. फक्त उठवेना.

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्याच दिवशी तिने हे बंद का केलं नाही? म्हणणं सोपं आहे. सासू ब्याऐंशी वर्षांची, गावात तिला मान तो या पाण्याचा. ते खोटं आहे असं सुनेने कुठल्या तोंडाने सांगायचं? शालनने मधला मार्ग काढला. पाणी द्यायचं आणि हळूच म्हणायचं, "एकदा रक्त पण बघून घ्या हं." निम्मे जात, निम्मे जात नसत. नियमाचं मात्र तिने कुणाजवळ नाव काढलं नाही, आणि लोक तो आपणहून पाळत राहिले. अशी दोन वर्षं गेली.

त्या वर्षी जुलैच्या शेवटी उल्हास नदीचं पाणी बदलापूरच्या मांजर्लीत शिरलं. दोन दिवस तळमजले पाण्यात होते. तिथे शालनच्या ओळखीची चिमी राहायची. तिचा मुलगा कल्पेश रिक्षा चालवायचा, अंबरनाथच्या कंपन्यांतल्या पाळीच्या माणसांची ने-आण करायचा. कमावता म्हणून घरात तोच. चिमीचा नवरा भगवंत जाऊन सहा वर्षं झालेली, धाकटी जिज्ञासा कॉलेजात. पाणी चढलं तेव्हा कल्पेशने कमरेएवढ्या पाण्यात रिक्षा ढकलत रस्त्यावर आणली, मग दोन दिवस घरातला गाळ उपसला, अनवाणी. पत्रा लागून टाच कापली होती, तिला त्याने चिंधी गुंडाळली.

आठ-नऊ दिवसांनी त्याला सणकून ताप भरला. पोटऱ्या अशा दुखायच्या की पाय टेकवेना. जवळच्या डॉक्टरने बघितलं आणि सांगितलं, पुराच्या पाण्याचा ताप दिसतोय, आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा. चिमी त्याला घेऊन कदाचित गेलीही असती. पण त्या संध्याकाळी कल्पेशचे डोळे पिवळे दिसले, आणि बुधवारी पहाटे तिने त्याला रिक्षात घालून चामटोलीला आणलं.

आणि त्याच बुधवारी शालन घरी नव्हती. पुरानंतर तापाची माणसं इतकी वाढली होती की लॅबने सगळ्यांना सहालाच बोलावलं होतं. राजाबाईंनी थरथरत्या हातांनी कल्पेशला पहिलं पाणी दिलं, आणि नियमाप्रमाणे बजावलं, "तीन पाणी होऊ दे. सुई नाय लावायची."

मग काय, चिमीने तो नियम छातीशी धरला. गुरुवारी डॉक्टरने माणूस पाठवला, त्याला तिने दारातूनच परतवून लावलं.

रविवारी शालनने दार उघडलं तर ओट्यावर बारा-पंधरा माणसं, आणि कडेला भिंतीला टेकवून ठेवलेला कल्पेश. एका बाजूने चिमी, दुसऱ्या बाजूने जिज्ञासा. शालनचे हात आधीच भरून आले होते, आदल्या दिवशी दहा तास उभी होती ती. 'पटकन उरकू या' एवढंच तिच्या मनात होतं. ती कल्पेशसमोर परात घेऊन बसली आणि तिने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

डोळे पिवळे होतेच. पण पांढऱ्याच्या जागी लालसुद्धा होतं, रक्त उतरल्यासारखं. तिने त्याच्या पोटरीला नुसता हात लावला तर तो कळवळला.

"लघवीला कधी गेलेलास?" तिने विचारलं.

"काल सकाली," चिमीच बोलली. "थोडीशी. कालीभोर. पन आता पानी पडला की होईल ना गो मोकला?"

 शालनने टाचेवरची चिंधी सोडून बघितली. "चिमे, याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. उल्हासनगरला सरकारीत. हा जाईल अशाने."

"आज नाय. बुधवारी तिसरा पानी झाला का नेतंय."

"बुधवारपर्यंत राहणार नाही गं तो!"

"असा वंगाल नको बोलू माझ्या पोऱ्याला!" चिमी ओरडली. "आजी बोललीय, मध्ये सुई लावली तर कावील उलटते. तुझ्याच घरचा नियम. तू घाल पानी."

 आत दाराशी राजाबाई बसल्या होत्या. शालनला कळेना काय करावं. मग तिने एकदम मूठभर वाटण घेतलं आणि स्वतःच्या हातांना चोळलं, कोपरापर्यंत.

"बघा सगळ्यांनी," ती म्हणाली आणि निवळी ओतली. परातीत पिवळं पाणी उतरलं. "मला कावीळ आहे? नाही. जिज्ञासा, ये इकडे. हात दे तुझे." जिज्ञासा बिचारी घाबरून पुढे आली. तिचेही हात शालनने धुतले. पिवळंजर्द. "या पोरीला कावीळ आहे? हे पिवळं सालीचं आहे रे! साल आणि चुना. कुणाच्याही हाताला लावा, पिवळंच येतं!"

तिला वाटलं, आता तरी समजेल. दोन वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते पंधरा माणसांपुढे बोलून झालं होतं.

चिमीने परातीकडे बघितलं. मग जिज्ञासाकडे बघितलं. आणि दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. "अगो बाय माझे! पोरीला पन झाली!"

"एका घरात राहतात ना, व्हायचीच," मागून कोणीतरी म्हणालं.

"शालनला पण चढलीय बघा. लोकांची काढून काढून."

"तरीच एवढी वाळलीय."

शालनला हसावं का रडावं समजेना. डोळ्यांपुढे ठेवलेली गोष्ट माणसांना दिसू नये? पण दिसली होती की त्यांना. पिवळं पाणी दिसलं होतं, आणि पिवळं पाणी म्हणजे कावीळ हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. त्यात तिने स्वतःच्या हाताने सात वर्षं भर घातली होती. आता रागवायचं तरी कुणावर!

कल्पेशची मान बाजूला कलली. तेव्हा शालनला एकच गोष्ट आठवली. घरात मयत झालं, सुतक आलं, तर चालू असलेलं पाणी मोडता येतं. परात पालथी घालायची, 'मोडलं' असं म्हणायचं, की आजाऱ्यावरची सगळी बंधनं सुटली.

"मी याचं पाणी मोडते," ती म्हणाली. "मोडलं की सुई चालते. मग तर नेशील?"

"सुतक कुठाय? बिनसुतकाचा मोडतात का कधी?" चिमी दाराकडे वळली. "आजी, तू सांग. तू बोलशील तसा करतंय. मोडू देऊ का हिला?"

सगळ्यांनी राजाबाईंकडे बघितलं. म्हातारी कल्पेशकडे बघत होती, बराच वेळ, पापणी न हलवता. शालनला वाटलं, आता ही सगळ्यांपुढे माझी लाज काढणार आणि पोरगा जाणार.

"मोड," राजाबाई म्हणाल्या. "शालन, मोड लवकर."

शालनने परात पालथी घातली. पाणी ओट्यावरून अंगणात गेलं. कल्पेशला उचलून रिक्षात घालेपर्यंत चिमी रडत होती, पण गेली. शालनने तिथूनच किर्तीला फोन लावला, कुठे न्यायचं, काय सांगायचं ते विचारून घेतलं आणि जिज्ञासाच्या मोबाईलवर पाठवायला लावलं. मग उरलेल्या माणसांना म्हणाली, "आज पाणी नाही." कोणी कुरकुरलं, कोणी म्हणालं बरोबर आहे, तिला स्वतःलाच झालीय.

कल्पेशची किडनी बंद पडत आली होती. उल्हासनगरहून त्याला ठाण्याला हलवलं. चार वेळा डायलिसिस झालं. शालन रोज लॅबमधून जिज्ञासाला फोन करायची आणि उत्तर ऐकायच्या आधी खुर्ची शोधायची. अकराव्या दिवशी त्याला भरपूर लघवी झाली असं जिज्ञासाने रडत रडत सांगितलं. लघवी झाली म्हणून आनंदाने रडणारी माणसं तुम्ही बघितली नसतील. शालन लॅबच्या जिन्यात बसून पोटभर रडली, आणि किर्तीने तिला चहा आणून दिला.

आता इथे सगळं गोड व्हायला हवं होतं. पण झालं असं की चिमीने दवाखान्यातून सगळ्या मांजर्लीला सांगितलं, शालनने नुसतं तोंड बघून ओळखलं, हिचा हात सासूपेक्षा भारी. पुढच्या बुधवारी दारात तीस माणसं. शालनने सगळ्यांना रक्त तपासायला सांगून परत पाठवलं. माणसं जाताना एकमेकांना म्हणाली, अंगात कावीळ आहे ना तिच्या, बरी झाली की देईल. रविवारी पुन्हा तेच. ती सांगून सांगून दमली. आधीच दमलेली होती, त्यात हे.

कल्पेश घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, जिज्ञासा एकटीच आली. हातात नारळ, आईने दिलेला. नारळ ठेवून ती घुटमळली.

"काकी, आई म्हणते माझं दुसरं पाणी राहिलंय."

"अगं, तुला काही झालेलं नाही!" शालन जवळजवळ ओरडलीच. "तू तरी शिकलेली ना?"

"मला माहितीये, डॉक्टरांनी पण सांगितलं," पोरगी ओशाळली. "पण काकी, पिवळं आलेलं ना. रात्री झोप नाही लागत. म्हटलं, घेतलं तर काय बिघडतं?"

 शालन खाली बसली. तेव्हा आतून काठीचा आवाज आला आणि राजाबाई बाहेर आल्या. त्या जिज्ञासाच्या समोर टेकल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या थरथरणाऱ्या हातांत घेतले.

"नाय जात गं बाय पाण्याने," त्या म्हणाल्या. "कुणाचीच नाय गेली कधी."

शालन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"माझा थोरला व्हता, हिरामण. महिपती तवा पाळण्यात." राजाबाई शालनकडे न बघता पोरीशीच बोलत होत्या. "भातलावणीला चिखलात व्हता धा दिवस. ताप आला, डोळे लाल झाले, मंग पिवळे. मुतायचा बंद झाला. तुझ्या भावासारखाच, तसाच भितीला टेकवलेला. डाक्टर दारात आलेला सुई घेऊन. सासू म्हणाली, पाणी पुरं होऊ दे. मी माझ्या हातानं दिलं. तिसऱ्या पाण्याला पांढरं उतरलं, आन सांजच्याला गेला. पंधरा वरसाचा."

 मग जिज्ञासाने हळूच विचारलं, "मग आजी, तुम्ही तेव्हाच पाणी बंद का नाही केलंत?"

राजाबाईंनी तिचे हात सोडले नाहीत.

"बंद केलं असतं तर मीच मारला असं झालं असतं ना गं."